बशीचं तिसरं वर्ष

मोहीम निघाली ती एका डबक्यासाठी! लोक शिखरासाठी जीव धोक्यात घालतात, गाडलेल्या सोन्यासाठी घालतात. ही तिघं निघाली होती गुडघाभर पाण्यासाठी, आणि तेही असं पाणी, की जे उन्हाळा लागला की कुणाला न विचारता आटून जाणार होतं.

जंगलातली ही डबकी तशी लबाडच. थंडी सरता सरता बर्फ वितळतं, पाऊस पडतो, झाडांखालच्या खोलगट जागी पाणी साचतं. चार महिन्यांचा संसार! आटतात म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकांची पोरं जगतात. म्हणजे लोक ज्याला डबक्याचा दोष म्हणतात, तीच त्याची पुण्याई.

या डबक्यांची तब्येत बघायचं काम वनकार्यालयानं एका बाईला दिलेलं होतं. पाणी किती, पाला किती कुजलाय, सावली किती, अंड्यांचे पुंजके किती. कार्यालयात तिला सगळे डबकेबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि तिनं हरकत घेतली नाही. वर्षभरात तिनं कशालाच हरकत घेतली नव्हती. मागच्या थंडीच्या शेवटी, मोजणी आटोपल्यावर, तिचा नवरा खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हातात बूट होता, दुसरा पायात. ती रडली नाही. लोकांनी आधी कौतुक केलं, "केवढी खंबीर!" मग महिना उलटल्यावर तेच लोक कुजबुजू लागले, "दगडच म्हणायचा." तिच्यापर्यंत दोन्ही पोचलं आणि दोन्ही सारखंच लागलं, म्हणजे लागलंच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. खोलीत हीटर होता, भिंतीवर नकाशा होता, आणि ओल्या कोटांचा वास होता.

"बशीचं काय?" साहेबांनी नकाशावरच्या पार वरच्या टाचणीवर बोट ठेवलं.

बशी म्हणजे नदीपलीकडचं, डोंगराच्या खांद्यावरचं डबकं. गोल, उथळ, काठोकाठ भरलेलं. नाव नवऱ्यानं ठेवलेलं. सगळ्याच डबक्यांना त्यानं नावं ठेवली होती. सारखं रुसून आटणाऱ्या एकाला तर तो 'सासूबाई' म्हणायचा, आणि त्याची आई हयात असताना म्हणायचा!

"सलग तीन वर्षं मोजणी झाली तर डबकं राखीव यादीत जातं," साहेब म्हणाले. "बशीची दोन झाली आहेत. तुम्ही आणि... तुम्ही दोघांनी केलेली. यंदा झाली तर तो खांदा वाचला. नाही झाली तर दोन्ही वर्षं रद्द, पुन्हा एकपासून. आणि तोडणीवाल्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. थंडी संपली की करवती चालू. सावली गेली की बशी गेली."

"करते," डबकेबाई म्हणाली.

"साक्षीला आपला कारकून न्या. नियम आहे."

तर अशी ही तिघं. डबकेबाई. तिचा दीर, जो एरवी ट्रक चालवायचा आणि भावाच्या जागी ओझं उचलायला आला होता. अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. आणि कारकून, ज्यानं पंधरा वर्षं जंगलाच्या फायली सांभाळल्या होत्या आणि जो जंगल प्रथमच बघत होता. तो छत्री घेऊन आला होता.

"छत्री?" दिरानं विचारलं. "वरात आहे की काय?"

"पाऊस आला तर?"

"येणारच आहे. म्हणून तर म्हणतो, दोन्ही हात मोकळे ठेवा, कारकूनसाहेब. पडताना लागतात."

गाडीरस्ता संपला तिथे जीप सोडली आणि चढ सुरू झाला. उंच, सरळ झाडं. मधूनच जुन्या बर्फाचे मळके तुकडे. पायाखाली गेल्या पानगळीचा इतका जाड थर, की पाऊल पडल्याचा आवाजच येऊ नये. डबकेबाई पुढे चालत होती. चालणं तिला सोपं वाटायचं. चालताना माणूस काही वाटून घेत नाही आणि कुणी विचारतही नाही.

सासूबाई यंदा भरल्या होत्या. तिनं पाण्यात उतरून पुंजके मोजले. फांद्यांना चिकटलेले, साबुदाण्याच्या गोळ्यासारखे. वर आल्यावर दिरानं पाठीवरची मोठी पिशवी उतरवली, औषधाच्या पाण्याचा कॅन आणि ब्रश काढला. प्रत्येक डबक्यानंतर बूट धुवायचे, मग पुढे जायचं. हा नियम कार्यालयाचा होता, पण पाळायचा तिचा नवरा. बेडकांच्या कातडीला एक बुरशी लागते. ती चिखलातून, बुटातून एका डबक्यातून दुसऱ्यात जाते आणि अख्खं डबकं मारून टाकते. नवरा तर काठावर ब्रश घेऊन उभा राहायचा, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यासारखा. बायकोचे बूट आधी धुवायचा, तळव्याची एकेक खाच काडीनं कोरायचा. "बाई, तुझ्या पायाला जग चिकटलंय," म्हणायचा.

आता ती स्वतःच धुवायची. हात आपोआप चालायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी परात आली. परात हे नदीच्या अलीकडचं शेवटचं डबकं, सगळ्यांत मोठं. लांबून छान दिसत होतं. डबकेबाई उतरली. बुटाच्या काठावरून पाणी आत गेलं, मोजे भिजले. तिनं गुडघे टेकून पानांखाली हात घातला.

हाताला बेडूक लागला. मऊ. हलला नाही.

दुसरा लागला. तोही तसाच. कातडी सुटून आल्यासारखी. पुढच्या कोपऱ्यात बरेच होते, पोटं वर करून, पाय लांब करून, दुपारची झोप काढावी तसे. पुंजके पांढरे पडलेले.

"वहिनी, काय आहे?" काठावरून दीर ओरडला.

"मेलेत."

"किती?"

"सगळे."

ती तसंच, त्याच आवाजात म्हणाली, जसं 'दूध संपलंय' म्हणावं. कारकुनानं रुमाल नाकाला लावला. परात तिच्या नवऱ्याची लाडकी होती, हे दिराला माहीत होतं. तो तसाच दोन पावलं पाण्यात उतरला, बुटांत पाणी शिरलं, आणि त्यानं वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

आणि तेवढ्यात पाऊस आला! साधासुधा नव्हे, आभाळ फाटल्यासारखा. वरच्या अंगाला बर्फ, त्यावर हा पाऊस. थोड्याच वेळात खालून नदीचा घुमणारा आवाज येऊ लागला.

"बाई, चला!" कारकून छत्रीखालून किंचाळला. "नदी चढली तर अडकलो!"

दिरानं पिशवीचा बंद सोडला होता. "बूट—"

"पलीकडे धुऊ," डबकेबाई म्हणाली.

दीर जागच्या जागी थांबला. हे वाक्य या बाईच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. घरातल्या लग्नात, भर मांडवात, तिनं एका पाहुण्याला जंगलातून आलेले बूट धुवायला परत पाठवलं होतं. पण पाऊस कोसळत होता, नदी गर्जत होती, आणि वहिनी चालू लागली होती. त्यानं बंद आवळला.

नदी! परवापर्यंत ती गुडघाभर असावी. आता तपकिरी, फेसाळ, अंगात आल्यासारखी. फांद्या वाहत होत्या. मधोमध एक खडक होता, तो दिसायचा, बुडायचा, पुन्हा दिसायचा.

दोराचं एक टोक अलीकडच्या झाडाला आणि दुसरं कमरेला बांधून दीर उतरला. पाणी मांडीला. कमरेला. छातीला! एकदा पाय सुटला, तो तिरका वाहत गेला, खडकाला भिडला, शिवी हासडली, उठला. पलीकडच्या झाडाला दोर आवळून त्यानं हात हलवला. मग परत मधल्या खडकापर्यंत आला आणि पाय रोवून उभा राहिला, पिशवी एका खांद्यावर.

डबकेबाई निघाली. पाण्याचा गारठा असा, की तो आधी चावतो आणि मग काहीच राहत नाही. पाय गेले. बोटं गेली. तिला ते ओळखीचं वाटलं. दोराला धरून ती एकेक पाऊल टाकत गेली आणि पलीकडच्या चिखलात गुडघ्यांवर पडली.

"या, कारकूनसाहेब!" दीर ओरडला. "छत्री मिटा!"

कारकून आला. छत्री मिटलेली, पण काखेत. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होता की वरिष्ठांचं, सांगता येत नाही. अर्ध्यात पोचला असेल. तेवढ्यात वरून ओंडका आला!

"खाली वाका! वाका!"

कारकून वाकला नाही. त्यानं ओंडक्याकडे पाहिलं, जसं अनोळखी माणसानं नाव घेऊन हाक मारावी तसं. ओंडका दोराला लागला. दोर ताणला, सुटला! कारकून पाण्याखाली गेला. छत्री वर आली. कारकून आला नाही.

दिरानं विचार केला नाही. खांद्यावरची पिशवी टाकली आणि उडी घेतली.

एक हात दिसला. मग दोन डोकी. मग काहीच नाही. मग खालच्या वळणावर, आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांत, दीर कारकुनाची कॉलर दातांत आणि फांदी दोन्ही हातांत धरून लटकलेला दिसला! डबकेबाई धावली. पोटावर पडून खोडावर सरकली. तिनं कारकुनाचा पट्टा धरला आणि ओढला. बोटांना काही कळत नव्हतं, त्यामुळे ती सुटलीही नाहीत. बधिर हातांचा एवढा एक फायदा असतो.

तिघं काठावर पडून राहिली. कारकून नदी ओकत होता. दीर आभाळाकडे बघत हसू लागला.

"एक कारकून जमा," तो म्हणाला. "एक पिशवी खर्च. एक छत्री बुडीत खाती!"

मग त्याचं हसू थांबलं. पिशवीत औषधाच्या पाण्याचा कॅन होता. ब्रश होता. पाणी उकळायची शेगडी होती. जादा बुटांचे जोड होते.

डबकेबाईनं स्वतःची पाठपिशवी उघडून बघितली. मोजणीची पट्टी कोरडी होती. ती उठली आणि चढू लागली. ते दोघं मागून.

बशी संध्याकाळच्या आधी आली. पाऊस थांबला होता. झाडांच्या मधोमध ती तशीच होती, गोल, काठोकाठ, वारा नसलेली. पाण्यात बुडालेल्या फांद्यांवर पुंजकेच पुंजके, वीस पावलांवरूनही दिसावेत इतके. काळ्या पाण्यात फिकट दिवे टांगावेत तसे. आणि काठाजवळ उलटे पोहणारे झिंगे, पाठीवर निजून, पाय वर करून, सुखात.

"अरे वा!" कारकून म्हणाला. मेलेला माणूस परत आला की त्याला जे ते सुंदर दिसतं. "हे तर फारच आहेत! मोजा बाई, पटकन मोजा, आणि चला घरी."

डबकेबाई काठाकडे निघाली. आणखी दहा पावलं. आठ. तिनं सवयीनं बुटाचा तळवा वर करून बघितला.

तळव्याच्या खाचेत काळा चिखल होता. त्यात परातीतलं एक कुजकं पान, नीट घडी घालून ठेवावं तसं रुतलेलं. एवढी नदी वरून गेली, ते निघालं नव्हतं.

ती थांबली.

"काय झालं?" दीर म्हणाला.

"नाही जायचं."

"म्हणजे?"

"बूट धुतलेले नाहीत."

"अहो वहिनी, अख्खी नदी अंगावरून गेली! आता काय राहिलंय धुवायचं?"

तिनं बूट त्याच्यापुढे धरला. दिरानं ते पान बघितलं. मग तो खाली बसला आणि स्वतःच्या बुटाच्या नाड्या सोडू लागला. "अनवाणी जातो. मी मोजतो, तुम्ही इथून सांगा."

"तुमचेही मोजे परातीत भिजलेत. पाय, नखं, सगळं."

"मग माझा तर परातीत पायच पडला नाही!" कारकून म्हणाला.

"काठावरच्या चिखलात उभे होतात. आणि पुंजके मोजायला शिकायला मला एक हंगाम लागला होता."

कारकुनानं घसा खाकरला. कार्यालयातलं शहाणपण त्याच्या अंगात परतत होतं. "बाई, मी एक सुचवू? मागच्या वर्षीचा आकडा आहेच. थोडा कमीजास्त करून लिहा. पुंजके तर ढिगानं आहेत, मी डोळ्यांनी बघतोय. साक्षीला मी. कोण येतंय इथे पडताळायला?"

"मग त्याला मोजणी म्हणत नाहीत."

"अहो, पण उद्या करवती येतील त्याचं काय?" दीर उठला. आवाज चढला. "दादाची दोन वर्षं आहेत यात! तापात उठून आला होता मागच्या खेपेला. ती पुसून टाकायची? एका पानासाठी? मी जातो. काय व्हायचं ते होऊ दे!"

आणि तो निघालाच! एक बूट पायात, एक हातात, लांब ढांगा टाकत. डबकेबाई धावली. तिनं मागून त्याचा कोट धरला. तो थांबला नाही. ती फरफटली. मग ती त्याच्या पुढे गेली आणि काठाच्या चार पावलं अलीकडे चक्क आडवी पडली. शिकलेली, सरकारी ओळखपत्राची बाई, ओल्या पानांत, दिराच्या वाटेत!

"तुडवून जा," ती म्हणाली.

दीर वाघासारखा धापा टाकत उभा राहिला.

"मीच म्हटलं पलीकडे धुऊ," ती पडल्या पडल्या म्हणाली. "सगळे मेलेले बघितले आणि बूट न धुता निघाले. मला काही वाटलंच नाही हो, भाऊजी. आठवलंच नाही. हे असते तर मला हलू दिलं नसतं. परात कुणी मारली मला माहीत नाही, पण बशी मी मारणार नाही."

तिचा आवाज अजूनही तोच होता, दूध संपल्याचा. पण एवढं लांब ती वर्षभरात प्रथमच बोलली होती. दिरानं हातातला बूट पायात घातला. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

परत नदीकडे जाण्यात अर्थ नव्हता. दोर गेला होता आणि पाणी वाढत होतं. डोंगराच्या धारेवरून जुन्या लाकडी पुलाकडे जायचं, म्हणजे दीड दिवसाचा वळसा. त्यातही डबकेबाई प्रत्येक ओला खळगा टाळून नेत होती. सरळ वाट सोडून खडकांवरून, काट्यांतून, कोरड्या कोरड्यानं. "ही वाट आहे की शिक्षा?" कारकून विचारायचा. दीर म्हणायचा, "दोन्ही. चला." रात्री एका कपारीत तिघं एकमेकांना चिकटून बसली. कारकून मध्ये, कारण त्याचा थरकाप थांबत नव्हता. सकाळी कळलं की तो दिराच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होता आणि दिरानं त्याला हलवलं नव्हतं. पुलाच्या तीन फळ्या गायब होत्या. त्या फटी ओलांडून तिघं गेली. कारकून सगळ्यांत आधी गेला. नदीनं एकदा गिळून थुंकलेल्या माणसाला पुलाची काय भीती!

मोठ्या साहेबांच्या खोलीत हीटर तसाच होता.

"आकडा?"

"नाही," डबकेबाई म्हणाली.

साहेबांनी तिच्या हातांवरचे ओरखडे बघितले, कारकुनाचं सुजलेलं नाक बघितलं. वाईट माणूस नव्हता. "पूर होता ना? पुरामुळे मोजणी चुकली तर ते वर्ष धरत नाहीत, पण आधीचीही जात नाहीत. पूर लिहा. विषय संपला."

"होता! पूर होता!" कारकून खुर्चीतून अर्धा उठला. "मी स्वतः वाहून गेलो, साहेब! माझ्याइतका पूर कुणी पाहिला नसेल!" आणि टेबलाखालून त्यानं डबकेबाईच्या पायाला हळूच लाथ मारली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. पूर होता. कॅन वाहून गेला होता. नवऱ्याची दोन वर्षं तिथे, त्या एका शब्दापलीकडे, सुखरूप ठेवलेली होती.

"पुराच्या आधी बूट धुवायचे होते," डबकेबाई म्हणाली. "मी धुतले नाहीत. परातीत रोग आहे आणि आम्ही त्या बुटांनी नदीपासून बशीच्या काठापर्यंत चालत गेलोय. पूर लिहिला तर ते कुणाला कळणार नाही. मग पुढचा माणूस त्याच चिखलातून चालेल आणि थेट पाण्यात उतरेल."

कारकुनानं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी नकाशावरची ती टाचणी बोटानं चाचपली. "मग दोन्ही वर्षं गेली," ते म्हणाले.

"गेली."

"आणि रोगाची शंका म्हटल्यावर तो सगळा खांदा बंद करावा लागेल. माणूस, जनावर, गाडी, कुणी नाही. दोन हंगाम." ते बोलता बोलता थांबले. हा हिशेब त्यांच्याही आता ध्यानात येत होता. "म्हणजे तोडणीवालेही नाहीत. माझ्या नावानं बोटं मोडतील ते!"

"आणि मी?"

"तुम्ही तर नाहीच, बाई. कुणीच नाही."

डबकेबाईनं मान हलवली. बशी दोन हंगाम वाचली होती, आणि त्या दोन हंगामांत तिला ती दिसणार नव्हती. नवऱ्याचे आकडे रद्द झाले होते. कशात काय वजा करायचं आणि बाकी काय उरते, हे तिला नीट कळेना. ती उठली आणि फलक मागायला भांडाराकडे गेली.

फलक लावायला तिघंच गेली, नदीच्या अलीकडे, तोडणीच्या रस्त्याला. कारकून स्वतःहून आला होता. नवी छत्री नव्हती. दिरानं खांब धरला, डबकेबाईनं हातोडी घेतली. 'आत जाऊ नये' एवढी तीन शब्दांची पाटी. पहिला खिळा बसतोय, तोच तोडणीचा ट्रक आला आणि धापा टाकत थांबला. चालकानं डोकं बाहेर काढलं.

"काय हो, बंद केलं? किती दिवस?"

"दोन हंगाम," दीर म्हणाला.

"बाप रे! एवढं आत आहे तरी काय?"

दीर वहिनीकडे बघू लागला. कारकूनही. तिनं दुसरा खिळा पाटीवर टेकवला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "यंदा मोजायचं राहिलं."

आणि हातोडी मारली. ती खिळ्यावर बसली नाही, अंगठ्यावर बसली.

"आई गं!"

हातोडी खाली पडली. तिनं अंगठा मुठीत धरला, वाकली, रस्त्याच्या कडेला बसली आणि रडू लागली. आधी अंगठ्यासाठी रडतात तसं, मग मोठ्यानं, मग तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखं, श्वास घ्यायचंही विसरून. चालकानं घाबरून इंजिन बंद केलं. कारकून खिसे चाचपत राहिला. त्याचा रुमाल नदीनं नेला होता. अंगठ्याच्या मानानं रडणं फारच होतं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

दिरानं खांब तेवढा सरळ धरून ठेवला.